ओढत नेलेल्या होड्या

१८६२ चा जून महिना. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरियाच्या बंदरातून हैदा या आदिवासी लोकांच्या होड्यांचा तांडा उत्तरेकडे निघाला. सुमारे तीनशे माणसं आणि दोन डझन होड्या. सोबत पोलीस, आणि होड्यांना दोर बांधून ओढत नेणारी ब्रिटिश नौदलाची ‘फॉरवर्ड’ नावाची गनबोट. या माणसांच्या झोपड्या आधीच जाळून टाकल्या होत्या, त्यामुळे मागे फिरायला जागा नव्हती. गावात देवीची साथ होती आणि या लोकांमध्ये ती पसरलेली होती. त्यांची घरं तिथून आठशे किलोमीटर लांब होती.

त्याच महिन्यात तिथल्या ‘ब्रिटिश कलोनिस्ट’ या दैनिकात उत्तरेकडे परतणाऱ्या या लोकांबद्दल मजकूर छापून आला. चार वर्षांपूर्वी ज्यांचे लढवय्ये हजारांनी मोजले जात, ज्यांची साऱ्या किनाऱ्याला दहशत होती, ते आज खचून, मोडून परत चालले आहेत, असा त्याचा सूर आहे. पुढे लिहिणारा म्हणतो, हे लोक आपल्याबरोबर या किळसवाण्या रोगाचं बी घेऊन निघाले आहेत. घरी राहिलेल्या आप्तांमध्ये ते रुजेल आणि विनाशाचं पीक भरभरून येईल. माणसं याच गतीने मरत राहिली तर थोड्याच महिन्यांत उत्तरेकडचे हे लोक गोष्टींपुरतेच उरतील.

या वृत्तपत्राचे जुने अंक आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी ते पुन्हा पुन्हा वाचत असते. वरचा मजकूर वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो, कारण त्यात अज्ञान कुठेच नाही. रोग कुठे चालला आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. तो कुणाच्या अंगाखांद्यावरून चालला आहे आणि पोचल्यावर काय करणार आहे, तेही ठाऊक आहे. आणि त्या ओळींमध्ये हळहळ आहे. ती खोटी वाटत नाही. माणसं मरताहेत याचं लिहिणाऱ्याला वाईट वाटतंय, आणि त्यांना असं पाठवून देऊ नये हे मात्र त्याच्या मनातही येत नाही.

गोऱ्या वसाहतवाल्यांची वृत्ती तपासायला बसलं की आपण क्रौर्य शोधत जातो. ते सापडतंच. पण व्हिक्टोरियाच्या त्या वर्षीच्या कागदांमध्ये मला त्याहून जास्त भेटते ती दया. मरणाऱ्यांची दया यायला तिथे कुणी कमी नव्हतं. ही माणसं आपल्याच गावात राहतात, त्यांच्या जिवाचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे, असं मानणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, त्यात हजारो माणसं गेली.

व्हिक्टोरिया ही मुळात लेक्वंगन लोकांची भूमी. त्यातल्या ज्यांची वस्ती बंदराच्या काठी होती त्यांना सॉंगीज म्हणतात. १८४३ मध्ये हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने तिथे लाकडी तटबंदीचा किल्ला बांधला. पंधरा वर्षं तो फरच्या व्यापाराचा शांत ठाणा होता. १८५८ मध्ये फ्रेझर नदीत सोनं सापडल्याची बातमी कॅलिफोर्नियात पोचली आणि काही शे वस्तीचं हे गाव बघता बघता हजारोंचं झालं. गोऱ्यांबरोबर उत्तरेकडचे आदिवासीही तिथे येत: हैदा, त्सिमशियन, हेल्टसुक, ट्लिंगिट, क्वाक्वाकावाक्व. एकाच देवदाराच्या खोडातून कोरलेल्या लांब होड्यांमधून ते दर वसंतात यायचे आणि गावाच्या कडेने तळ ठोकायचे. मासळी, कोरीवकाम विकायचे. लाकडं फोडणं, ओझी वाहणं, घरकाम, हे सगळं करायचे. दोन-दोन हजार माणसं तिथे असायची. गाव त्यांच्या कष्टांवर चालत होतं आणि त्यांना घालवून द्या म्हणून वर्तमानपत्रातून ओरडही चालू होती. ते दारू पितात, त्यांच्या बायका वेश्याव्यवसाय करतात, त्यांच्यामुळे गावाची अब्रू जाते. दारू विकणारे आणि त्या बायकांकडे जाणारे पुरुष कोण होते, हा प्रश्न त्या अग्रलेखांना पडत नसे.

‘कलोनिस्ट’चा संस्थापक संपादक अमोर डी कॉसमॉस. मूळचा नोव्हा स्कोशियाचा विल्यम स्मिथ. कॅलिफोर्नियात असताना त्याने हे नाव घेतलं. लोकशाही, जबाबदार शासन, सामान्य गोऱ्या माणसाचे हक्क यांसाठी तो गव्हर्नर आणि कंपनीच्या बड्या लोकांशी हिरिरीने भांडला, आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया या प्रांताचा (व्हिक्टोरिया याच प्रांतात आहे) दुसरा मुख्यमंत्री, म्हणजे प्रीमियर झाला. आपल्या परीने तो सुधारक होता. हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी वाईट बोलणारे लोक फक्त दारूच्या गुत्त्यातले असतात असं मानायला आपल्याला बरं वाटतं.

मार्चच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोहून ‘ब्रदर जोनाथन’ ही आगबोट साडेतीनशेच्या आसपास प्रवासी घेऊन व्हिक्टोरियाला लागली. बहुतेक सगळे सोन्याच्या ओढीने आलेले. त्यातल्या एकाच्या अंगावर देवी उमटलेल्या होत्या. पुढच्या दोनेक आठवड्यांत काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. वर्तमानपत्राने गोऱ्या वाचकांना लस टोचून घ्या म्हणून बजावलं. गव्हर्नर जेम्स डग्लसने देवीच्या रुग्णालयाचा प्रश्न कायदेमंडळापुढे ठेवला. चर्चा झाली. पण बाधितांना सक्तीने वेगळं ठेवायचं, येणाऱ्या बोटी रोखायच्या, असं काही झालं नाही. सोन्याच्या हंगामात बंदर बंद ठेवणं कुणाला परवडणार होतं?

लस मात्र होती, हे विसरता येत नाही. देवीवरची लस तेव्हा साठ वर्षांहून जुनी झालेली होती. १४ जून १८०२ ला आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली होती. भारतात ही लस घेणारी ती पहिली. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी आली होती. टोचलेल्या जागी फोड यायचा, त्यातला द्रव सुईवर घ्यायचा आणि पुढच्याच्या दंडावर ओरखडा काढून तिथे लावायचा. त्या मुलीच्या फोडातून मुंबईतली मुलं, तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. माझ्या आईच्या दंडावर त्याच लशीचा रुपयाएवढा गोल, खोल व्रण होता. गावात देवी डॉक्टर आला की पोरं माळ्यावर जाऊन लपायची, असं ती सांगायची. माझ्या पिढीत दंड कोरे राहिले, कारण रोगच संपला.

म्हणजे ज्या साम्राज्याने १८०२ मध्ये मुंबईत लस आणली, त्याच साम्राज्याच्या एका बंदरात १८६२ मध्ये ती काही नवलाची गोष्ट नव्हती. खुद्द हडसन्स बे कंपनीने १८३७-३८ च्या साथीत कॅनडाच्या गवताळ मैदानी भागात आदिवासींना लस टोचून कितीतरी जणांना वाचवलं होतं. त्यात माणुसकी होती आणि धंदाही होता: फर आणणारी माणसंच मेली तर कंपनी कशावर चालणार? १८६२ च्या व्हिक्टोरियात फरचं महत्त्व ओसरलं होतं. आता सोनं हवं होतं, शेतीला जमीन हवी होती, आणि त्यासाठी आदिवासींच्या जिवंत असण्याची कुणाला गरज उरली नव्हती. मला हा त्या साथीचा गाभा वाटतो. चोवीस-पंचवीस वर्षांत लस तीच राहिली, हिशेब पालटला.

डॉ. जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन हा कंपनीचा डॉक्टर आणि कायदेमंडळाचा सभापतीही. एप्रिलमध्ये त्याने पाचशेच्या आसपास आदिवासींना लस टोचली. त्यात सॉंगीज बरेच होते. लस घेऊन ते बंदराकाठची वस्ती सोडून जवळच्या बेटांवर जाऊन राहिले आणि त्यांच्यात मृत्यू फार थोडे झाले. लस आणि विलगीकरण या दोन गोष्टी मिळाल्या तर माणसं वाचतात, हे व्हिक्टोरियाच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालेलं होतं. फ्रेझरच्या खोऱ्यात फादर लेऑन फुके या कॅथलिक मिशनऱ्याने हजारो जणांना लस टोचली. उत्तरेत विल्यम डंकन हा मिशनरी त्सिमशियन अनुयायांना घेऊन मेटलाकाटला या नव्या वस्तीत गेला. तिथे पाचच जण दगावले. जवळच्या फोर्ट सिम्प्सनला मेलेल्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली. एक-दोन माणसं, एक सुई आणि थोडी इच्छा एवढ्यावर केवढा फरक पडत होता ते यावरून कळतं.

हेल्मकेनचं लाकडी घर अजून आहे. व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाच्या आवारात, १८५२ चं. त्याच्या शेजारीच थंडरबर्ड पार्क, आदिवासींच्या कोरीव खांबांचं उद्यान. पर्यटक खांबांचे फोटो काढतात आणि घराकडे फारसं लक्ष न देता निघून जातात. या घरात डॉक्टरची बायको सेसिलिया राहायची, गव्हर्नर डग्लसची मुलगी. तिची आई अमेलिया ही क्री आईची लेक. खुद्द डग्लसचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारातला, त्याची आई कृष्णवर्णीय वंशाची. वसाहतीच्या पहिल्या घरात आदिवासी रक्ताची माणसं जेवायला बसत होती, आणि त्याच वसाहतीत पलीकडच्या तळावर लोक तंबूंत एकटे मरत होते. मी त्या घरासमोर बराच वेळ उभी राहते तेव्हा डॉक्टरबद्दल आदर वाटतो आणि त्याचबरोबर एक प्रश्न छळतो: पाचशे जणांना टोचता आली तर दोन हजारांना का नाही? कायदेमंडळाचा सभापती तोच होता. पैसा मागितला असता, माणसं नेमली असती, सक्ती केली असती तर? टोचणारा डॉक्टर आणि सभापती ही एकाच घरात राहणारी दोन वेगळी माणसं असल्यासारखं वाटतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ‘कलोनिस्ट’ने एक अग्रलेख लिहिला. त्याचा युक्तिवाद असा: रोग आदिवासींपुरताच राहणार असता तर आपल्या अधिकाऱ्यांसारखे काही जण स्वस्थ बसले असते, पण ही माणसं दिवसरात्र गावात फिरतात, रस्त्याच्या कडेला उभी असतात, नाटकगृहात बसतात, दारोदारी दिसतात. म्हणजे संकट आपल्यावर आहे. उपाय काय? त्यांना गावापासून दूर न्या आणि झोपड्या जाळा. त्याच सुमारास पोलीस कमिशनर ऑगस्टस पेम्बर्टनने त्सिमशियन तळाला एका दिवसात निघून जायचा हुकूम दिला आणि धाक बसावा म्हणून गनबोट समोर उभी राहिली. मे महिनाभर एकेका तळाची पाळी येत गेली. जूनमध्ये हैदा.

देवीच्या रोगाची रीत ज्याला माहीत आहे त्याला या हुकुमाचा अर्थ ताबडतोब कळेल. लागण झाल्यावर दहा-बारा दिवस माणूस धडधाकट असतो. मग कडक ताप, पाठदुखी, आणि दोन-तीन दिवसांनी अंगावर फोड. व्हिक्टोरियातून निघालेली होडी उत्तरेला घरी पोचायला आठवडे लागायचे. वाटेत किनाऱ्यावर मुक्काम, ओळखीपाळखीच्या गावांमध्ये थांबणं, जेवणखाण. निघताना ठणठणीत दिसणारी माणसं वाटेत एकामागून एक आडवी होणार आणि जिथे थांबतील तिथे रोग ठेवून जाणार, हे ठरलेलंच होतं. रोग्याला जागच्या जागी ठेवायचं, त्याच्याभोवतीच्यांना लस टोचायची, हे नियम तेव्हाच्या डॉक्टरांना माहीत होते. व्हिक्टोरियाने नेमकं उलट केलं आणि रोगाला किनारपट्टीभर वाटून दिलं. दूर घालवणं हा शहरापुरता उपाय होता. किनाऱ्यापुरता तो पेरणीसारखा झाला, हे त्या वृत्तपत्राच्या उपमेतूनच उघड आहे.

बातम्या येत राहिल्या आणि छापल्या जात राहिल्या. एका शिडाच्या जहाजाच्या कप्तानाने सांगितलं की महिन्यापूर्वी व्हिक्टोरियातून निघालेल्या साठ हैदांपैकी चाळीस वाटेतच मेले होते. किनाऱ्यावर प्रेतं पडलेली दिसत होती, सामानासकट, बंदुकांसकट, होड्यांसकट. हे सगळं खुद्द व्हिक्टोरियाच्या वाचकांनी सकाळच्या चहाबरोबर वाचलं.

वर्षभरात अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर किती गेले, याचे अंदाज १४ हजारांपासून २० हजारांपर्यंत जातात. उत्तर किनाऱ्यावरची निम्म्याहून जास्त वस्ती. वसाहतीच्या कागदांत वारंवार येणारं स्पष्टीकरण असं की या लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीच नव्हती, त्यांचा नाश अटळ होता. यात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ सोय आहे. देवी या किनाऱ्यावर १७७० च्या दशकातही येऊन गेलेली होती. घरातले सगळे एकाच वेळी आजारी पडले की पाणी कोण देणार, चूल कोण पेटवणार, सरपण कोण आणणार? सामन मासळीच्या ऐन हंगामात धरायला हात नसले की हिवाळ्याला खायला काही नसतं. म्हणजे रोगातून उठलेलं माणूसही उपासमारीने जातं. अंगातल्या प्रतिकारशक्तीबद्दल कुणी काही करू शकत नव्हतं. पाणी देणं, अन्न देणं, लस टोचणं, झोपड्या न जाळणं, हे सगळं करता येण्याजोगं होतं. जे करता येत होतं त्यावर ‘अटळ’चा शिक्का मारला की करायची जबाबदारी संपते. मग उरते नुसती हळहळ.

हैदा ग्वाय या हैदांच्या बेटांच्या दक्षिण टोकाला स्गांग ग्वाय नावाचं गाव आहे. तिथे जायला बोट लागते आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी हैदा पहारेकऱ्यांना रेडिओवरून विचारावं लागतं. एका वेळी बाराच माणसांना सोडतात. आम्ही गेलो तेव्हा झिमझिम पाऊस होता. वाटेच्या कडेला पांढऱ्या शिंपल्यांची रांग लावलेली. त्या ओलांडून जायचं नाही. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले खांब पांढुरके, फाटलेले, काही कललेले. यातले बरेच मृतांसाठीचे खांब आहेत: वरच्या टोकाला कोनाडा कोरून त्यात देह ठेवलेली पेटी बसवायची आणि पुढे कोरीव फळी लावायची, अशी रीत होती. एका खांबावर अस्वलाचे दात अजून मोजता येतात. त्यामागे घरांच्या जागी चौकोनी खड्डे, तुळया आडव्या पडलेल्या, त्यांच्यावर शेवाळ आणि शेवाळावर नवी झाडं.

साथीनंतर इथे उरलेली थोडी माणसं विसेक वर्षांत हे गाव सोडून स्किडगेटला जाऊन राहिली. साऱ्या बेटांवरची माणसं अशी दोन गावांत, स्किडगेट आणि ओल्ड मॅसेटमध्ये, गोळा झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदांची संख्या सहाशेच्या आसपास आली होती. पाठोपाठ संग्राहक आले. ‘नामशेष’ होणाऱ्या लोकांच्या वस्तू वाचवायच्या म्हणून खांब कापून नेले गेले, आणि वस्तूंबरोबर पुरलेल्या माणसांची हाडंही गेली. शिकागो, न्यूयॉर्क, कुठे कुठे. हैदांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून, पैसे जमवून चारशेहून अधिक पूर्वजांचे अवशेष परत आणले आणि शाळकरी मुलांनी रंगवलेल्या पेट्यांमधून, ब्लँकेटांत गुंडाळून त्यांना पुन्हा मातीत ठेवलं. इथले उरलेले खांब तसेच झिजू द्यायचे, असं हैदांचं म्हणणं आहे. ते पडतील तेव्हा पडतील. ज्यांना ते जपून काचेत ठेवायचे होते त्यांना हे समजायला बराच काळ लागला.

साथ ओसरली आणि जमीन ‘मोकळी’ दिसू लागली. ब्रिटिश कोलंबियात १८६० पासून गोऱ्या माणसाला १६० एकर जमीन नुसती खुणा ठोकून, दावा नोंदवून मिळत होती. १८६४ पासून जमीन खात्याचा प्रमुख असलेल्या जोसेफ ट्रचने आदिवासींच्या राखीव जमिनी कापल्या आणि कुटुंबामागे दहा एकर पुरे असं धोरण ठेवलं. १८६६ मध्ये कायदा करून आदिवासींना असा दावा नोंदवायलाच गव्हर्नरची परवानगी लागेल असं ठरलं. या जमिनींवर माणसंच थोडी आहेत, त्यांना एवढी कशाला हवी, हा ट्रचचा युक्तिवाद. माणसं थोडी का झाली हे विचारायला कुणी जागेवर नव्हतं. व्हिक्टोरिया ज्यावर आहे त्या व्हँकुव्हर बेटावर निदान चौदा करार तरी झाले होते; मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी तेही नाहीत. मी राहते ते शहर कराराविना घेतलेल्या जमिनीवर उभं आहे. माझ्या घराच्या कागदपत्रांवर आधीच्या मालकांची साखळी आहे, ती मागे मागे जाते आणि एका जागी एकदम सुरू होते.

देवी डोंगरांपलीकडे त्सिल्कोटिन लोकांमध्येही गेली. १८६४ मध्ये त्यांच्या मुलखातून सोन्याच्या खाणींकडे रस्ता खोदणाऱ्या मजुरांच्या तळावर हल्ला झाला. रस्त्यावरच्या एका गोऱ्याने पीठ चोरल्याच्या रागात, तुमची नावं लिहून घेतो आणि तुमच्यावर देवी पाठवतो, अशी धमकी दिली होती. दोन वर्षांपूर्वी ज्यांची अर्धी माणसं मेली त्यांना हे ऐकवलं गेलं. बोलणी करायला म्हणून आलेल्या त्यांच्या सरदारांना पकडण्यात आलं आणि पाच जणांना ऑक्टोबर १८६४ मध्ये क्वेनेल इथे फाशी दिलं. सहाव्याला पुढच्या वर्षी. हे खून नव्हते, युद्ध होतं, अशी त्यांची भूमिका शेवटपर्यंत होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुलखातल्या सुमारे १,७०० चौरस किलोमीटर जमिनीवर त्यांचा हक्क मान्य केला आणि २६ मार्च २०१८ ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्या सहा सरदारांना निर्दोष म्हटलं. त्याच भाषणात, काही विश्वसनीय नोंदींप्रमाणे देवी मुद्दाम पसरवली गेल्याचं दिसतं, असा उल्लेखही होता.

मुद्दाम की नाही, यावर इथे अजून वाद चालतो, कधी कडाक्याचा. त्सिल्कोटिनांच्या सांगण्यात देवीची लागण झालेली ब्लँकेटं आहेत, आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी ते सांगितलं त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पण त्या वादात एक धोका मला दिसतो. मुद्दाम पसरवल्याचा पुरावा सापडला नाही तर बाकी सगळं निर्दोष ठरतं की काय? व्हिक्टोरियाच्या बाबतीत तर पुराव्याचा प्रश्नच नाही. हुकूम कुणी दिला, झोपड्या कुणी जाळल्या, होड्या कुणी ओढल्या, परिणाम कुणाला ठाऊक होते, हे सगळं छापील आहे. कुणाच्या मनात विष होतं की नव्हतं, यावर त्या माणसांचं मरण अवलंबून नव्हतं.

आपणही इथे, कॅनडात, येऊन राहिलेली माणसं आहोत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गणपतीच्या आरतीआधी कुणीतरी कागदावरून वाचतं की आपण अमुक लोकांच्या भूमीवर जमलो आहोत. ते वाचलं जातं याचं मला बरं वाटतं. पण पुष्कळदा त्यात ‘पूर्वी राहत असत’ असा स्वर येतो आणि तो मला खटकतो, मी ते बोलूनही दाखवते. ते राहतात. सॉंगीज लोकांना १९११ मध्ये बंदराकाठून उठवून एस्क्विमॉल्टला नेलं, तिथे ते राहतात. हैदा राहतात, बेटांना त्यांचं नाव २०१० मध्ये अधिकृतपणे परत मिळालं आणि २०२४ मध्ये प्रांताने सगळ्या हैदा ग्वायवर त्यांची मालकी मान्य केली. गोष्टींपुरते उरतील असं ज्यांच्याबद्दल छापलं होतं, त्यांचे वकील, मच्छीमार, शिक्षक, कोरक्ये आज कामावर गेले असतील.

मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा हैदांनी आणीबाणी जाहीर केली आणि बाहेरच्यांनी बेटांवर येऊ नये असं कळवलं. फेरीच्या धक्क्याजवळ त्यांची माणसं उभी राहून येणाऱ्यांना विचारत होती. हेल्टसुकांनी आपलं बेला बेला हे गाव बंद केलं. कितीतरी निवेदनांत १८६२ चा उल्लेख होता. उन्हाळ्यात श्रीमंत पर्यटकांसाठी चालवलेला मासेमारीचा एक लॉज विरोध डावलून उघडला, तेव्हा हैदा स्त्रिया जुन्या गावांच्या जागी जाऊन ठाण मांडून बसल्या. जुलैच्या अखेरीस प्रांत सरकारने अनावश्यक प्रवासाला बंदी घालणारा आदेश काढला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या खालच्या प्रतिक्रियांत लोक विचारत होते, हे कोण आम्हाला अडवणारे? मी त्या प्रतिक्रिया वाचत बसायचे आणि हातातलं काम तसंच राहायचं.

पुढच्या जानेवारीत व्हिक्टोरियाहून तासाभरावर, डंकन गावालगत, कौइचन लोकांमध्ये कोविडची लागण वाढली. त्यांच्या प्रशासनाने स्वतःहून आकडे जाहीर केले आणि सगळ्यांना घरात राहायला सांगितलं. साथीत समंजस समाजाने जे करायला हवं ते त्यांनी केलं. त्याची परतफेड अशी झाली की आजारी नसलेल्या कौइचन माणसांनाही कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं, काहींना दारातून परत पाठवलं, आणि समाजमाध्यमांवर ‘हे लोक’ गावात दिसता कामा नयेत अशी भाषा सुरू झाली. ‘दारोदारी दिसतात’ ही १८६२ ची तक्रार, जवळपास त्याच शब्दांत. फरक एवढा होता की या वेळी आसपासच्या महापौरांनी आणि लोकप्रतिनिधींनी उघडपणे त्याचा निषेध केला, आणि कौइचन नेत्यांनी आपल्या लोकांवरच्या या वागणुकीबद्दल स्वतःच्या नावानिशी बोलून दाखवलं. लस त्याच महिन्यात त्यांच्या आरोग्य केंद्रात पोचली. ती आधी ज्येष्ठांना द्यायची हे ठरलेलं होतं. त्यांची हुल्कुमिनम भाषा अस्खलित बोलणारी माणसं आता मुख्यतः त्याच पिढीत आहेत.